'नुसते जंतू' म्हणून सोडून देऊ नका

वर एका दादांनी लिहिलंय की, कॅम्ब्रियनच्या (सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कालखंडाच्या) आधी पृथ्वीवर नुसते जंतू होते, सांगण्यासारखं काही घडलंच नाही. आणि आपल्या विदर्भात तर सगळा काळा बेसाल्ट, तोही अलीकडचा. बेसाल्टचं म्हणणं अमरावती-बुलढाण्यापुरतं बरंचसं खरं. पण पूर्व विदर्भात या, जमीनच बदलते.

गडचिरोलीतल्या सुरजागडच्या डोंगरातला पट्टेदार लोहदगड हातात घेऊन बघा. आकाराच्या मानाने चांगलाच जड, एक पट्टा तांबूस-करडा लोहाचा, त्याला लागून गारेचा. हे समुद्राच्या तळाशी बसलेले थर. तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळपास नव्हताच, म्हणून लोह पाण्यात विरघळून राहायचं; ऑक्सिडीकरण झालं की गंज होऊन खाली बसायचं. सायनोबॅक्टेरियांनी, म्हणजे उन्हावर अन्न तयार करणाऱ्या जंतूंनी, सोडलेला ऑक्सिजन बराच काळ असाच खर्ची पडला आणि सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी कुठे हवेत साठू लागला. आपला श्वास चालतो तो त्या जंतूंच्या कमाईवर!

ते बघायला लांब जायला नको. पावसाळ्यात भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत चिखलावर हिरवट-निळा बुळबुळीत थर येतो, ऊन वर आलं की त्यात बारीक बुडबुडे धरतात. त्यातले बरेचसे याच कुळातले. सूक्ष्मजीवांच्या थरांवर थर चढून झालेले दगड, म्हणजे स्ट्रोमॅटोलाइट, ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागात सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

आणि हो, चंद्रपूर-वणीकडचा सिमेंटला जाणारा चुनखडकही प्रीकॅम्ब्रियन, म्हणजे कॅम्ब्रियनच्या आधीच्या, समुद्रातलाच. तिकडचं कुणी असेल तर खाणीतल्या उभ्या कापाचे फोटो टाका, थर नीट दिसतात.