संत्रा ग्रेडिंग मशीन: रोलरवरच राहू की वजनावर जाऊ?

मोर्शीचा_वेल्डर: रामराम मंडळी. आपलं छोटं वर्कशॉप हाय. रोलरची ग्रेडिंग मशीन बनवतो. फट पुढं रुंद होत जाते, बारीक फळ आधी पडते. आता वरुडचा एक व्यापारी म्हणते, एकेक फळ तोलून पाच प्रती पाडणारी दे, आंबिया बहाराच्या तोडीआधी. बयाना काही नाही. नमुन्यासाठी माझ्याजवळ 80 हजार. लोडसेल (वजन मोजणारा सेन्सर) अन् पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कंट्रोलर) कोणते घेऊ?

राइसमिल_गोंदिया: 80 हजारात काय होते भाऊ! आमच्या मिलमध्ये कॅमेऱ्याचं सॉर्टर हाय, काळा दाणा हवेच्या झोतानं उडवते. कॅमेराच टाक.

मोर्शीचा_वेल्डर: बजेट वर लिहिलं हाय.

जिनिंग_फिटर: पीएलसीच्या भानगडीत पडू नको. संध्याकाळी आमच्याकडं 415 व्होल्टचं साडेतीनशे होते. मोटर जळाली, शेठनं शिव्या मले देल्या.

राइसमिल_गोंदिया: स्टॅबिलायझर नाव आयकलं का?

जिनिंग_फिटर: तुमचं एक्स्प्रेस फीडर, म्हणजे विजेची वेगळी थेट लाइन असंन. आमच्या गावात येऊन पाहा एकडाव.

पॅनलवाली_अमरावती: भांडणं बाजूला ठेवा. दादा, फळ कपात, कप लोडसेलवरून जातो, प्रॉक्झिमिटी सेन्सर कप मोजतो, ठरल्या जागी सोलेनॉइड (विजेवर चालणारा खटका) कप उलटवते. यात पीएलसी साधाच पुरतो. मी फसले ती वायरीत. लोडसेलची वायर अन् व्हीएफडीची (मोटरचा वेग कमीजास्त करते ते) वायर एकाच पाइपातून नेली. 150 ग्रॅमचं संत्र कधी 120, कधी 190! शील्डची (वरून धातूची जाळी असलेली) वायर घ्या, वेगळी न्या, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. अन् व्यापाऱ्याकडून लेखी घ्या: तासाला किती क्रेट, फळ ओलं येणार की कोरडं.

संत्रावाला_वरुड: मशीन घेते शेठ, चालवते हमाल. त्याच्या ओल्या हातानं टचस्क्रीन चालत नाही. मोठे बटन द्या. बाकी बांगलादेशनं संत्र्यावरची आयात ड्युटी वाढवली तेव्हापासून भावाचं काय झालं ते इचारू नका...

राइसमिल_गोंदिया: अन् स्टॅबिलायझर घ्याच.

जिनिंग_फिटर: रोलरच बरा. सांगून ठेवतो.

मोर्शीचा_वेल्डर: व्यापाऱ्याले कागद मागतला. म्हणे, "शब्दावर भरोसा नाही का बे?" बयाना अजूनही नाही. तरी काल पीएलसी आणला. एकाच ओळीची बनवतो, हा नाही तर दुसरा घेईन. बटनं मोठीच लावतो. ताई, शील्डची वायर अमरावतीत कोणत्या गल्लीत भेटते तेवढं सांगा.