मदत हवी आहे: स्पॅनिश भाषकांना इंग्रजीतलं 'गेट' (get) हे क्रियापद कसं शिकवू?

नमस्कार मंडळी. मेक्सिकोतल्या काही नोकरदारांना मी ऑनलाइन इंग्रजी शिकवते. बाकी ठीक चाललंय, पण गाडी 'गेट'पाशी अडते. या एका शब्दासाठी स्पॅनिशमध्ये वेगवेगळी क्रियापदं: पत्र मिळालं तर 'रेसिबिर', घरी पोचलं तर 'येगार', नोकरी मिळवली तर 'कोन्सेगिर', डोक्यात शिरलं तर 'एन्तेन्देर'. इथवर पाठांतराने निभावतं.

खरा घोळ 'गेट अँग्री', 'गेट टायर्ड', 'गेट मॅरीड'चा. त्यांच्याकडे यासाठी 'एनोहार्से', 'कान्सार्से', 'कासार्से' अशी एकेक सुटी क्रियापदं, शेपटीला 'से' लावलेली. मग 'गेट'ची गरजच वाटत नाही. 'कासार्से कोन'च्या ('कोन' म्हणजे 'विथ') चालीवर 'आय मॅरीड विथ हर' तर हमखास येतं.

सगळे अर्थ एकदम देण्यापेक्षा हे 'से'वालेच आधी घोटून घ्यावेत, असं मला वाटतं. पण काल एकाने विचारलं, 'गेट नर्व्हस' चालतं, मग वेडं होणं 'गो क्रेझी' का? (प्रश्न रास्त आहे हो!) स्पॅनिशमध्येही तिथे 'पोनेर्से' (नर्व्हससारखं तात्पुरतं होणं) आणि 'वोल्वेर्से' (वेड्यासारखं पालटून जाणं) असा फरक आहेच. त्याचा आधार घेऊ, की गोंधळ वाढेल?

'गेट अप', 'गेट ओव्हर' वगैरे अजून काढलेलंच नाही. कोणी स्पॅनिश भाषकांना शिकवलं असेल तर कुठल्या क्रमाने घेतलंत ते सांगा. तयार सराव असेल तर फारच उत्तम.