मदत हवी आहे: कागदासह कॉपीअर करारात दरवाढीची अट कशी घालावी?

नमस्कार मंडळी. आमचा नाशिकमध्ये ऑफिस कॉपीअरच्या विक्रीचा आणि भाड्याचा व्यवसाय आहे. वकील, सी.ए. आणि खासगी शाळा हे आमचे मुख्य ग्राहक असून, त्यांपैकी बऱ्याच जणांशी टोनर, सर्व्हिस आणि कागद धरून प्रति कॉपी ठरावीक दराचा वार्षिक करार असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून कॉपीअर कागदावरील जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला. शाळांना इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नसल्यामुळे तो भार त्यांच्यावरच पडतो आणि नव्या मशीनचा विषय काढताच ते आधी कागदाचे बोलतात.

त्यातच 75 जीएसएमचा (दर चौरस मीटरला 75 ग्रॅम वजनाचा) कागद घाऊक व्यापाऱ्याकडे वेळेवर मिळत नाही. पर्याय म्हणून आलेल्या हलक्या कागदाची धूळ पिकअप रोलरवर (कागद आत ओढणाऱ्या रोलरवर) बसते, पावसाळ्यात दोन-दोन पाने एकदम ओढली जातात, आणि दोष मात्र मशीनला लागतो.

दोन्ही बाजूंनी छपाई केल्यास मीटरवर दोन कॉपी पडतात, पण कागद एकच लागतो. म्हणून डुप्लेक्स मशीनच पुढे करावे, असे माझे मत आहे. शाळा मात्र प्रश्नपत्रिका एकाच बाजूने छापण्याचा हट्ट सोडत नाहीत (का, ते देव जाणे).

चालू करारातून कागद वगळून फक्त टोनर-सर्व्हिसचा दर ठेवणे ग्राहक स्वीकारतात का? की रिमच्या खरेदी किमतीशी जोडलेली तिमाही दरवाढीची अट अधिक व्यवहार्य ठरते? कोणी अशी अट लिहिली असल्यास तिचा मसुदा कृपया येथे द्यावा.