पोरीच्या रक्तात शिसं १४ आलंय, घरात येतंय कुठून?

चिऊची_आई: मुलगी १९ महिन्यांची आहे. अजून नीट बोलत नाही, शी पण कडक होते, चिडचिड फार, म्हणून डॉक्टरांनी बाकीच्या टेस्टबरोबर शिशाची पण करायला सांगितली तर ती १४ आली (मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर), हिमोग्लोबिन ९. ह्यांचं बॅटरीचं दुकान आहे, जुन्या बॅटऱ्या फोडून प्लेटा काढतात, मागे शिसं वितळवतात, पण दुकान घरापासून दोन किलोमीटरवर, ती तिकडे कधी गेलेलीच नाही. संध्याकाळी हे आले की धावत जाऊन कडेवर चढते आणि शर्टाची कॉलर चघळत बसते. सासूबाई म्हणतात मुलं बोलतात उशिरा. मला रात्रभर झोप नाही.

नर्स_माधुरी: ताई त्या कॉलरनेच येत असणार. शिशाची धूळ कपड्यांवर, केसांत बसते आणि घरी येते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातलं साधारण दहावा भाग अंगात जातो, एवढ्या लहान मुलात जवळजवळ अर्धं, त्यात लोह कमी असेल तर आतडं अजून जास्त शोषतं. आणि ह्याच वयात मेंदू भराभर वाढतो म्हणून शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५ किंवा त्याच्या वर आलं की कुठून येतंय ते शोधून बंद करा. शिसं बाहेर काढणारं औषध साधारण ४५ च्या पुढे देतात त्यामुळे आत्ता येणं थांबवणं हाच उपचार. रक्त बोटातून घेतलं असेल तर शिरेतून परत करून घ्या, बोटावरची धूळ पण मोजली जाते. लोहाचं औषध डॉक्टरांना विचारून लगेच, आणि कानांची तपासणी पण करून घ्या.

शिवा_बॅटरीवाला: वहिनी मी १२ वर्षं ह्याच धंद्यात आहे, माझ्या मोठ्या पोराचं पण असंच झालं होतं. दादांना सांगा कपडे, चप्पल दुकानातच बदलायची, डोक्यावरून अंघोळ करूनच घरी यायचं आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. गाडीचं हँडल आणि मोबाईल पण पुसायचा, आम्ही काळ्या हातानेच मोबाईल धरतो आणि घरी पोरं तोच तोंडात घालतात, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. घरात कोरडा झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा.

कुंदा_मावशी: काजळ लावत असाल तर बंद करा बाई, काहींत शिसं असतं. सुटी हळद पण नको, पिवळी दिसावी म्हणून त्यात शिशाचा रंग घालतात, हळकुंडं आणून घरी कुटा. नाचणीची पेज द्या.

चिऊची_आई: काजळ रोज लावत होते 😔 आत्ताच पुसलं. हे आले, आज दारातच थांबवलं, मागच्या मोरीत पाणी काढून दिलंय. ती रडतेय घ्या म्हणून, ह्यांच्या डोळ्यांत पण पाणी आलं. सोमवारी शिरेतून रक्त द्यायला जातोय, सांगते काय आलं ते.