आजोबांच्या वस्तऱ्यावर निळा पट्टा: पाणी उतरलंय की नुसता डाग?

कोयनाकाठ
आजोबांची धोकटी परवा माळ्यावरून उतरवली. कराडजवळच्या आमच्या गावात बलुतं चालू होतं तेव्हापासून ते हजामत करायचे. धोकटीत कात्री, वाटी, चामड्याचा पट्टा आणि एक वस्तरा निघाला. शेपटीवर जर्मनीतल्या सोलिंगन शहराचा शिक्का, शिंगाची काळी मूठ. घासून घासून पातं अरुंद झालंय.

पात्यावर दोन ठिकाणी रंग आलाय. टोकाला धारेलगत ८ मिमी लांबीत अगदी कडेला करडा-निळा, त्याच्या वर जांभळा, मग तपकिरी, शेवटी गवतासारखा पिवळा. दुसरा डाग मधल्या पोकळ भागात आहे, निळसर-जांभळा, ढगासारखा. चुलते सांगतात, आजोबा गेल्यावर कुणीतरी हा वस्तरा बाजारात सायकलच्या चाकावर धार लावून आणला होता.

मला हा कपाटात ठेवायचा नाही, याने दाढी करायची आहे. पोलाद भाजून त्याचं पाणी, म्हणजे तापवून-विझवून दिलेला कडकपणा, उतरलंय का, हे कसं ओळखू?

भट्टीवाला
पहिली गोष्ट: पॉलिश लावू नका. आधी उन्हात, तिरप्या प्रकाशात फोटो काढून ठेवा. हा रंग म्हणजे ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. पाच मिनिटं घासलं की जातो, आणि रंग गेला तरी उतरलेलं पाणी परत येत नाही. जुन्या बाजारात चकचकीत दिसणारे वस्तरे म्हणूनच फसवतात.

भोसरीत टूलरूममध्ये माझी ३१ वर्षं भट्टीसमोर गेली. साध्या कार्बन पोलादावर फिकट पिवळा साधारण २०० ते २२० अंश सेल्सिअसला येतो, तपकिरी २५०च्या आसपास, जांभळा २७०-२८०, निळा ३००च्या जवळ, त्यापुढे करडा. वस्तऱ्याला पाणी दिल्यावर तो बहुधा २००च्या आतच परत तापवतात, म्हणून कडकपणा रॉकवेलवर (कडकपणा मोजायच्या मापावर) ६०च्या आसपास राहतो. धार निळी पडली म्हणजे तिथे पाचेक अंक गेले. विळ्याला ते चालेल, वस्तऱ्याला नाही.

पण नुसता निळा रंग पाहून निकाल देऊ नका. ओल, साबण, लिंबू यांनीही असाच पातळ थर चढतो आणि तसाच निळा-जांभळा दिसतो. रंगांचा क्रम बघा. उष्णता धारेवर सर्वांत जास्त, कारण तिथे पोलाद कागदासारखं पातळ आणि उष्णतेला पळायला जागा नाही. म्हणून कडेला करडा-निळा आणि पाठीकडे जाताना पिवळा, ओळीने, कडेला समांतर. तुमच्या टोकाचं वर्णन हुबेहूब असंच आहे. मधल्या ढगाला असा क्रम नाही. वस्तरा मिटवून बघा, डागाची कड मुठीच्या कडेशी जुळते का?

तिसरी पिढी
आता दुकानात आम्ही बदलायच्या ब्लेडचेच वस्तरे वापरतो, पण वडिलांनी दगडावर हात बसवून घेतला होता. दादा, रंगापेक्षा दगड खरं सांगतो. बारीक दगडावर पाणी टाकून अख्खं पातं हलक्या हाताने वीस वेळा फिरवा, पाठ आणि धार दोन्ही टेकवून. मग दहापट भिंगातून दिव्याखाली धार बघा. मऊ जागी बर (धारेच्या कडेला वळून आलेली पोलादाची बारीक कोर) लवकर धरते आणि पट्ट्यावर ओढल्यावर धारेवर चमकती रेघ परत दिसते, म्हणजे धार वळतेय. चांगल्या जागी रेघ दिसत नाही. तोवर गालाला लावू नका.

कोयनाकाठ
काल रात्री करून पाहिलं. मिटवल्यावर मधल्या डागाची खालची कड मुठीच्या कडेला तंतोतंत लागते. म्हणजे इतकी वर्षं मुठीत ओल साठून तो पडला. तिथे दगड एकसारखा चालला आणि धार केस उभा कापते.

टोकाला मात्र तिसऱ्या वेळीही चमकती रेघ आली, सुमारे ६ मिमी. भट्टीवाले काका, पुन्हा पाणी देता येईल का?

भट्टीवाला
नको. इतकं पातळ पोकळ पातं तापवून विझवलं की वाकतं, कधी तडकतं. रंग पिवळा संपतो तिथे खूण करा आणि टोक तेवढं घासून काढा. गोल टोकाचे वस्तरे असतातच. मशीन वापरू नका. जाड दगड, भरपूर पाणी, आणि बोटाला ऊब लागली की लगेच थांबा.

कोयनाकाठ
९ मिमी धरून खूण केली. आजोबांच्याच वाटीत पाणी घेऊन आज तासभर घासलं, अजून अर्धं बाकी आहे. मधला डाग मी तसाच ठेवतोय.