सब्जेक्ट गाइड: एकच साचा, की ज्याची त्याची मर्जी?

देवघेव_काउंटर (धागाकर्ता)
नागपुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. एमए-पीएचडीच्या मुलांसाठी वेबसाइटवर विषयवार गाइड आहेत: कुठे शोधायचं, कोणते डेटाबेस, संदर्भ कसे द्यायचे. प्रत्येक गाइड वेगळ्या माणसानं वेगळ्या वर्षी केलेलं. एकात जर्नल्स सगळ्यात वर, दुसऱ्यात तळाशी. एकात 'ई-संसाधने', दुसऱ्यात 'ऑनलाइन साहित्य', तिसऱ्यात नुसतंच 'उपयुक्त लिंक्स'. माल तोच.

माझं मत सरळ आहे. सगळ्यांना एक साचा, मथळे ठरलेले, क्रम ठरलेला. शोधगंगेची (पीएचडीच्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा) माहिती एकदाच लिहायची आणि सगळ्या गाइडांत तिथूनच घ्यायची, म्हणजे बदल एका जागी केला की झालं. प्रत्येक पानावर जबाबदार माणसाचं पद आणि शेवटच्या तपासणीची तारीख. वर्षभर कुणी हात लावला नाही तर पान उतरवायचं. यूजीसीनं केअर यादी (मान्य जर्नल्सची यादी) २०२५ मध्ये बंद केली, तरी 'पेपर पाठवण्याआधी केअर यादी बघा' असं सांगणारी पानं अजून दिसतात. असं पान नसलेलंच बरं.

जुनी_दप्तरे
मी इतिहास शिकवतो. सर, सूक्ष्मजीवशास्त्राच्या मापाचा अंगरखा आमच्या विषयाला घालू नका. इथल्या जिल्ह्यांवर काम करणाऱ्या मुलाला मी आधी हे सांगतो की कॅटलॉगात 'महाराष्ट्र' टाकून १९६० पूर्वीचं फारसं काही हाती लागणार नाही. नागपूर १८६१ पासून मध्य प्रांतात, पुढे 'मध्य प्रांत व वऱ्हाड', १९५० पासून 'मध्य प्रदेश', १९५६ पासून मुंबई राज्य. यातलं प्रत्येक नाव टाकून शोधावं लागतं. हे तुमच्या कुठल्या मथळ्याखाली बसवू? आणि हे वर्षभरात शिळंही होत नाही.

कानाने_वाचतो
मला दिसत नाही, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून वाचतो. सर, तुमची ती नावं मला हवीच आहेत. पण अशी माहिती बहुतेक वेळा तक्त्याचा फोटो काढून टाकलेली असते आणि मला ऐकू येतं फक्त 'ग्राफिक'. मराठीचे तर आणखी हाल. कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या मजकुराची अक्षरं पडद्यावर मराठी दिसतात म्हणे, पण आत भलतीच चिन्हं असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो. युनिकोडशिवाय गत्यंतर नाही. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगितलेलं नसेल तर इंग्रजी आवाज मराठी वाचायला जातो. ते ऐकवत नाही.

दुसरं म्हणजे, मी पान वरपासून खालपर्यंत ऐकत बसत नाही. कीबोर्डवरचा एच दाबत मथळ्यांवरून उड्या मारतो. अक्षरं नुसती ठळक केली की मथळा होत नाही, मग उडी मारायला काहीच सापडत नाही. लिंकांची यादी काढावी तर 'येथे क्लिक करा, येथे क्लिक करा' हाच जप. म्हणून साच्याला माझं मत. एका गाइडाचा क्रम कळला की दुसऱ्यात हवं ते डोळे झाकून गाठता येतं. (माझे झाकलेलेच आहेत.)

एकटा_ग्रंथपाल
भाऊ, हे सगळं करनार कोन? मी तालुक्याच्या कॉलेजात एकटाच आहो. नॅकच्या फायली मीच, देवघेव मीच, परीक्षा लागली का ड्यूटी बी मलेच. तुमचे साचे तुम्हाले लखलाभ. मी शोधगंगा, नॅशनल डिजिटल लायब्ररी अन् एन-लिस्ट (कॉलेजांसाठीची ई-जर्नल्स, ई-पुस्तकं) अशा तीन लिंका ग्रुपवर टाकतो, झालं. पोरं गाइड उघडतच नाहीत, गूगल उघडतात.

देवघेव_काउंटर
भाऊ, म्हणूनच तर गाइड कमी करा म्हणतो. ग्रुपवरची लिंक पुढच्या बॅचला दिसत नाही, तुम्हालाच पुन्हा टाकावी लागते. एन-लिस्टचं खातं कसं उघडायचं हे दरवर्षी किती जणांना तोंडी सांगता? तेवढं एकच पान नीट लिहिलं तरी पुरे.

जुनी_दप्तरे सर, साच्यात 'शोधण्याआधी' असा एक मोकळा भाग ठेवू. तिथे हवं तेवढं लिहा, पण फोटो नको, मजकूर. मथळे मात्र कुणीही बदलायचे नाहीत, तुम्हीसुद्धा.

जुनी_दप्तरे
चालेल, पण तो भाग तळाशी नको, डेटाबेसच्या वर हवा. शब्दच चुकीचा टाकला तर डेटाबेस काय डोंबल देणार? पान उतरवायला मात्र माझा विरोध कायम. केअर यादीचं वाक्य काढा ना, त्यापायी अख्खं पान कशाला? तारीख उलटली तर वर 'तपासणी बाकी' लिहा.

कानाने_वाचतो
शब्दांतच लिहा, नुसता लाल ठिपका नको. आणि पहिल्या मथळ्याला लागूनच लिहा, नाहीतर मी एच दाबून पुढे गेलेलो असेन.

एकटा_ग्रंथपाल
देवघेवभाऊ, ते एन-लिस्टचं पान तुम्ही बनवलं का इथं टाका. मी तसंच्या तसं उचलतो. तारीख तुमचीच राहू द्या.