आयटीआयची अंतर्गत रचना बदलताना काय करावे?

प्रश्न : नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीजवळील एका आयटीआयमध्ये मी फिटर ट्रेड शिकवतो. आमच्याकडे उन्हाळी सुट्टीत नूतनीकरण होणार आहे. वर्ग आणि कार्यशाळा यांच्यामधला व्हरांडा अंधारा असल्याने तास संपताच मुले टपरीवर जातात. वेल्डर आणि इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या मुलांची एकमेकांशी ओळखही होत नाही. भिंती न पाडता काय करता येईल?

उत्तर १ : व्हरांड्यापासूनच सुरुवात करावी. भिंतीलगत रुंद, पक्के बाक, फळा आणि मुलांनी घडवलेल्या जॉबची (सरावासाठी बनवलेल्या वस्तूंची) मांडणी केली, तर जाणारा-येणारा आपोआप थांबतो. कार्यशाळेच्या भिंतीत काचेची खिडकी बसवावी, म्हणजे इतर ट्रेडचे काम दिसेल. मात्र वेल्डिंगच्या बाजूला साधी काच पुरेशी नाही, तेथे आर्कच्या (वेल्डिंगच्या प्रखर विद्युत ज्योतीच्या) अतिनील किरणांपासून संरक्षण देणारे पडदे हवेतच. आवाजाकडेही लक्ष द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वर्गातील पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलपेक्षा अधिक नसावा, त्यामुळे यंत्रांलगतच्या खोलीत थिअरीचा तास ठेवू नये.

उत्तर २ : मी अंबडच्या कारखान्यात काम करते. आयटीआयमध्ये असताना आम्हा मुलींना डबा खायलाही स्वतंत्र जागा नव्हती, याचे आजही वाईट वाटते. बाक बसवण्याआधी मुलींना विचारा.

प्रश्नकर्ता : ताई, सोमवारीच त्यांच्याशी बोलतो.